बेने-इस्राएल : आजची ज्यू अस्मिता

महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके वास्तव्य करून असलेल्या मराठीभाषी ज्यू समाजास ‘बेने-इस्राएल’ असे म्हणतात. या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘इस्राएलची मुले’ असा होतो. जुन्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील अलिबाग, पेण, पनवेल, रोहे व मुरूड या भागांतील खेडी ही त्यांची मूळ वसतिस्थाने होत. अठराव्या शतकापासून ते मुंबईस आणि पुढे ठाणे, पुणे, अहमदाबाद, कराची इ. शहरांत जाऊन राहिले आणि १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य इस्राएलमध्ये स्थायिक झाले. ‘आपण ज्यू आहोत म्हणजे नेमके काय आहोत ?’ हा प्रश्न आज जगातील बहुतेक सर्व ज्यू समाजांपुढे आहे. तो या मराठी समाजापुढे कसा उभा राहिला आणि त्यातील व्यक्तींनी त्याची कोणती उत्तरे शोधली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ज्यू धर्मशास्त्रानुसार (हलाखा) ज्यू मातेच्या पोटी जन्मलेली किंवा विधिपूर्वक धर्मांतर केलेली व्यक्ती ज्यू ठरते. ही व्याख्या कोण ज्यू आहे ते सांगते. ज्यू असण्याचा त्या व्यक्तीला काय अर्थ आहे, ते सांगत नाही. यूरोपात अठराव्या शतकाअखेरपर्यंत हा दुसरा प्रश्न क्वचितच उद्भवला. कारण ज्यू मनुष्य वेगळ्या वस्तीत राही, वेगळ्या कायद्याखाली येई आणि त्याचे वेगळेपण इतरांनीच त्याच्यावर लादलेले असे. मोझेस मेंडेल्सझोन (१७२९–८६) या जर्मन ज्यू तत्त्वज्ञाचे विचार आणि फ्रान्सने १७९१ मध्ये ज्यूंना दिलेले समान नागरिकत्व यांनंतर हे चित्र पालटले. नागरिक म्हणून इतरांसारखा झालेला ज्यू ज्यू म्हणून का राहावा, याचे कारण त्याला स्वतःच द्यावे लागले. सुधारणावादी पंथ, त्याविरुद्ध कडवा सनातनी पंथ, झायोनिझम, धर्म सोडूनही संस्कृती जपणारा निधर्मी ज्यू ही सर्व त्या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे होत. कोकणात मात्र हा प्रश्न अगदी वेगळ्या वाटेने आला. येथे ज्यूंचा छळ झाला नाही आणि त्यांना वेगळ्या वस्तीत कोंडलेही गेले नाही. त्यामुळे सुटका, समानता, विलयन हा यूरोपीय क्रम येथे लागू पडत नाही.

उगमाची कथा : बेने-इस्राएलांच्या परंपरागत कथेनुसार त्यांचे पूर्वज ज्या जहाजातून येत होते, ते अलिबागजवळील नवगाव येथे खडकांवर आपटून फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच वाचली. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते नवगाव येथे पुरण्यात आली. ते दफनस्थान आजही दाखविले जाते. धर्मग्रंथ जहाजाबरोबर बुडाले, असेही ही कथा सांगते. हे घडले केव्हा, याविषयी एकमत नाही. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर (१८३०–१९०८) यांनी ते ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात घडले असावे, असे मानले. हनुक्का हा सण त्या शतकात सुरू झाला आणि बेने-इस्राएलांना तो पूर्वी ठाऊक नव्हता, हा त्यांच्या पुराव्यांपैकी एक होता. विसरलेल्या गोष्टीवरून काल ठरविण्याची ही पद्धत फारशी भक्कम नाही. कारण या समाजाला त्याहून जुन्याही अनेक गोष्टींचा विसर पडला होता. या समाजाचा निःसंदिग्ध लेखी उल्लेख १७३८ मधील एका मिशनऱ्याच्या पत्रात आढळतो.

समुद्रातून आल्याची कथा सांगणारा कोकणातील हा एकमेव समाज नव्हे. नवगावच्या दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात हेदवी हे गाव आहे. दशभुज लक्ष्मी-गणेशाच्या मंदिरासाठी ते प्रसिद्ध आहे. हा प्रदेश चित्पावनांच्या जुन्या वस्तीचा आहे. समुद्राने किनाऱ्याला लावलेली चौदा प्रेते परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केली आणि त्यांपासून चित्पावन कुळे झाली, अशी कथा सह्याद्रिखंडात येते व तिचे स्थान हेदवीपासून जवळच्याच चिपळूणशी जोडले जाते. एकीकडे सात जोडपी, दुसरीकडे चौदा देह : या साम्यावरून एका कथेने दुसरीचे अनुकरण केले, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. तसे ते असेल किंवा नसेल. परंतु हेदवीच्या बामणघळीत, खडकाच्या चिंचोळ्या चिरेत शिरून भरतीचे पाणी कारंज्यासारखे उसळताना ज्याने पाहिले आहे, त्याला या किनाऱ्यावर जहाज फुटण्याची कथा कोणाकडून उसनी घ्यावी लागत नाही, हे सहज पटेल. हेदवी हे बेने-इस्राएलांचे गाव नव्हे. पण ‘तुम्ही मूळचे कोठले ?’ या प्रश्नाला सागराकडे बोट दाखविणे ही या किनाऱ्याची सामाईक रीत होती आणि त्यामुळे बेने-इस्राएल येथे परके ठरले नाहीत, ही बाब महत्त्वाची आहे. चित्पावन कथेत परका देह अग्नीने शुद्ध होऊन नवे कूळ मिळवितो, तर बेने-इस्राएल कथेत वाचलेला मनुष्य पूर्वी होता तोच राहतो. दोन्ही कथांतील खरा फरक हा आहे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने-इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतील ज्यू व स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारांचा मोठा अंश आढळला. त्यांचा संकर काही शतकांपूर्वी, म्हणजे साधारणतः १९ ते ३३ पिढ्यांमागे झाला असावा, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे. समाजातील अनेकांना या निष्कर्षाने समाधान वाटले. तथापि वंशाचा पुरावा अस्मितेचा प्रश्न सोडवीत नाही. मनुष्य कोठून आला ते तो सांगतो. येथे येऊन तो काय झाला, ते सांगत नाही.

धर्माचरण : अठराव्या शतकापूर्वीच्या बेने-इस्राएलांजवळ ना तोरा होती, ना हिब्रूचे ज्ञान, ना रब्बी. होत्या त्या मोजक्या गोष्टी. शनिवारी ते काम करीत नसत. मुलाची सुंता आठव्या दिवशी करीत. खवले व पर असलेलेच मासे खात. आणि ‘शेमा’ या एकेश्वरवादी हिब्रू प्रार्थनेची सुरुवातीची वाक्ये जन्म, विवाह, मृत्यू अशा सर्व प्रसंगी म्हणत. त्यांचा मुख्य व्यवसाय तेल गाळण्याचा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ‘सोमवार तेली’ त्यांच्याच शेजारी राहत. अर्थात एक जात म्हणून त्यांना गावगाड्यात जागा मिळाली आणि तीत त्यांच्या धर्माची सर्वांत महत्त्वाची खूण, शब्बाथ, नावासकट जतन झाली. ज्या समाजरचनेत प्रत्येकाने निराळे असणे गृहीतच धरलेले असते, तेथे आपले निराळेपण सिद्ध करण्याची गरज पडत नाही. जातिव्यवस्थेची ही एक बाजू झाली. तिची दुसरी बाजू अशी, की खुद्द बेने-इस्राएलांतही ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन भेद पडले. मिश्रविवाहाची संतती मानल्या गेलेल्या काळ्यांशी गोरे रोटीबेटीचा व्यवहार करीत नसत. हा भेद विसाव्या शतकात मावळला.

त्यांच्या सणांची मराठी नावे पाहिली असता धर्म दैनंदिन जीवनात किती मुरला होता, याची कल्पना येते. रोश हशाना या नववर्षदिनास ते ‘नव्याचा सण’ म्हणत. प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर हा ‘दारफळणीचा सण’; त्या दिवशी घराची दारे लावून घेऊन, पांढरी वस्त्रे नेसून कडक उपवास केला जाई व बाहेरच्या कोणाशीही संपर्क ठेवीत नसत. त्याच्या दुसऱ्या दिवशी, ‘शिळ्या सणा’ला, दानधर्म होई. सुक्कोथ म्हणजे ‘खिरीचा सण’. पेसाह, म्हणजे ईजिप्तच्या दास्यातून झालेल्या मुक्तीचा सण, त्यांच्याकडे ‘अनाशी ढाकण्याचा सण’ होता. घरात आंबट कालवणाचे जे भांडे असे, ते त्या आठ दिवसांत झाकून ठेवीत. आंबवलेले खाऊ नये, एवढाच नियम शिल्लक राहिला होता; तो का पाळायचा, ती मुक्तीची कथा विस्मरणात गेली होती. जेरूसलेममधील मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तर वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई. ज्या मंदिरासाठी शोक करायचा ते आठवत नाही, पण त्या दिवशी सामिष अन्न खायचे नाही, हे आठवते. श्रद्धेची ही तऱ्हा ग्रंथप्रधान धर्माच्या अभ्यासकांना अपुरी वाटते. पण परधर्मीयांच्या प्रदेशात, धर्मगुरूंवाचून शतकानुशतके तिने हा समाज टिकवून धरला, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

नवस व कृतज्ञता यांचा ‘मलिदा’ हा विधी केवळ बेने-इस्राएलांचाच आहे. ओले पोहे, खोबरे, साखर, वेलदोडे, सुकामेवा व पाच फळे ताटात मांडून प्रेषित एलियाहूच्या (एलियाहू हनाबी) नावाने प्रार्थना म्हणतात व मग सर्वांना प्रसाद वाटतात. विवाह, बारसे, गृहप्रवेश, परीक्षेतील यश, आजारातून उठणे यांपैकी कोणत्याही निमित्ताने मलिदा करतात. अलिबाग तालुक्यातील खंडाळे-सागाव परिसरातील एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या खुणा असल्याचे मानले जाते. तेथे लोक नवस फेडावयास जातात. बायबलमधील प्रेषिताने कोकणातील खडकावर उतरावे, यात भाविकाला विसंगत असे काही वाटत नाही. स्वयंपाकातही हीच मिळवणी दिसते : मांस व दूध एकत्र खाण्यास धर्माने मनाई केली असल्याने कालवणात दह्यादुधाऐवजी नारळाचे दूध येते आणि नव्याच्या सणाला गव्हाचा चीक व नारळाचे दूध यांपासून चिकाचा हलवा केला जातो. विवाहापूर्वी वधूला मेंदी लागते, ती हिरवा चुडा भरते व मंगळसूत्र घालते.

आडनावेही गावांवरून पडली : केहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, नवगावकर, राजपूरकर, तळकर. दिवेकर, दांडेकर यांसारखी काही आडनावे तर ब्राह्मणांतही आढळतात. सॅम्युएलचे समाजी, इझिकिएलचे हसाजी, बेंजामिनचे बनाजी झाले. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ कुटुंबांनी पुन्हा बायबलमधील मूळ रूपे स्वीकारली व वडिलांचे नाव हेच आडनाव केले. त्यामुळे एकाच घरात आजोबा ‘-कर’ आणि नातू ‘सॅम्युएल’ असा प्रकार दिसतो. अलीकडे काही तरुणांनी गावचे आडनाव पुन्हा लावण्यास सुरुवात केली आहे. नाव बदलणे हे अस्मितेचे बहुधा सर्वांत जुने साधन असावे.

ग्रंथाची ओळख : दावीद राहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने या तेल्यांच्या आचारांवरून त्यांना ओळखले, त्यांना धर्म शिकविला आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना ‘काजी’ नेमले, अशी परंपरा आहे. हा राहाबी मध्ययुगातील की अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्यातील, याविषयी मतभेद आहेत. इतिहासाच्या दृष्टीने अधिक निश्चित अशी घटना म्हणजे १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात बांधले गेलेले ‘शार हारहामीम’ (दयेचे द्वार) हे पहिले सिनॅगॉग. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील समाजी हसाजी दिवेकर (सॅम्युएल इझिकिएल) यांनी ते उभारले. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. आपण ‘बेने-इस्राएल’ असल्याचे त्यांनी सांगताच कुराणातील तो शब्द ओळखून टिपूच्या आईने त्यांना जीवदान देवविले, अशी आख्यायिका आहे. सिनॅगॉगला बेने-इस्राएल ‘मशीद’ म्हणत आणि जवळच्या रेल्वे स्थानकाचे मशीद हे नाव या प्रार्थनास्थळावरून पडले, असे सांगतात.

हिब्रू धर्मग्रंथांशी या समाजाची खरी ओळख मात्र कोचीनचे ज्यू शिक्षक व ख्रिस्ती मिशनरी यांच्यामुळे झाली आणि ती मराठीतून झाली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मांतराचा होता. परिणाम उलटाच झाला. मराठी ‘जुना करार’ वाचून बेने-इस्राएलांना आपल्या सणांचे अर्थ कळले आणि ते अधिक पक्के ज्यू झाले. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात पेसाहच्या रात्री वाचावयाची हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत साडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती सर एली कदूरी शाळा झाली. सत्यप्रकाश (१८७७), इस्राएल धर्मदीप (१८८१) यांसारखी नियतकालिके निघाली. १८८० च्या सुमारास तर बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी कीर्तन सुरू केले. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने साकी, दिंडी, आर्या, अभंग या छंदांत, टाळ-पेटीच्या साथीने रंगू लागली. बायबलमधील कथा इतर भाषांतील ज्यूंनीही गायिल्या आहेत. परंतु पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी करून त्या सांगणारे ज्यू महाराष्ट्राबाहेर आढळत नाहीत. ‘अनाशी ढाकण्या’मागील मुक्तीची कथा ज्या पिढीला प्रथमच कळली, तिला ती मराठी कीर्तनातून कळली, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मान्यतेचा वाद : ग्रंथ हाती आला तसा तुलनेचा प्रसंगही आला. बगदाद व इतर अरबी प्रदेशांतून आलेले ज्यू व्यापारी एकोणिसाव्या शतकात मुंबईत व पुण्यात स्थिरावले. आरंभी त्यांनी बेने-इस्राएलांच्याच सिनॅगॉगात प्रार्थना केली व त्यांच्याच दफनभूमीचा उपयोग केला. परंतु पुढे त्यांना या सावळ्या, मराठी बोलणाऱ्या धर्मबंधूंच्या शुद्धतेविषयी शंका येऊ लागली. १८३६ मध्ये दफनभूमीत दोन्ही समाजांमध्ये भिंत घालावी, असा अर्ज बगदादी पुढाऱ्यांनी मुंबई सरकारकडे केला. रंगूनच्या सिनॅगॉगच्या कारभारात बेने-इस्राएलांना मताधिकार नाकारण्यात आला, तेव्हा ते न्यायालयात गेले व १९३५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. शेजारच्या हिंदू वा मुसलमानांनी जी शंका कधी घेतली नव्हती ती स्वधर्मीयांनी घ्यावी, हा या समाजाच्या इतिहासातील विलक्षण विरोधाभास होय.

त्याची तीव्र पुनरावृत्ती इस्राएलमध्ये झाली. १८९७ च्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचे आमंत्रण बेने-इस्राएलांनी स्वीकारले नव्हते. सियोनला परतणे ईश्वराच्या हातचे आहे, अशी त्यांची धारणा होती. पण १९४८ मध्ये राज्यच स्थापन झाल्यावर स्थलांतर सुरू झाले. भारतात छळ नव्हता. तेव्हा या स्थलांतराची कारणे श्रद्धा, फाळणीनंतरची अनिश्चितता, सरकारी व रेल्वे नोकऱ्यांतील बदललेली परिस्थिती आणि आप्त निघाले म्हणून आपणही निघावे ही भावना, अशी मिश्र होती. तेथे गेलेल्यांपैकी काहींनी भेदभावाच्या तक्रारीवरून १९५१–५२ मध्ये धरणे धरले आणि ते भारतात परत आले. पुढे त्यांतील पुष्कळ जण पुन्हा इस्राएलला गेले. १९६२ मध्ये मुख्य रब्बी-मंडळाने काढलेल्या निर्देशांनुसार बेने-इस्राएल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या मातृकुलाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे ठरले. पूर्वी या समाजात घटस्फोट व पुनर्विवाह धर्मशास्त्राच्या विधीप्रमाणे झाले नसावेत आणि परधर्मीयांशी विवाह झाले असावेत, असा रब्बींचा आक्षेप होता. ज्यांच्या पूर्वजांजवळ पोथीच नव्हती, त्यांच्याकडून पोथीप्रमाणे घडल्याचा पुरावा मागण्यासारखेच हे होते. बेने-इस्राएलांनी निदर्शने केली व १९६४ मध्ये जेरूसलेममध्ये धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने (क्नेसेट) बेने-इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू असून त्यांना समान अधिकार आहेत, असे जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बी-मंडळाने निर्देशांत दुरुस्ती करून त्यांतील बेने-इस्राएलांचा नावाने केलेला उल्लेख गाळला.

निर्णय अनुकूल झाला. पण एका पिढीच्या मनावर त्याचा जो ठसा उमटला, तो कायमचा राहिला. कोकणात ‘आम्ही बेने-इस्राएल’ हे विधान गावातील एखाद्या वाडीच्या नावासारखे सहज होते. १९६२ नंतर ते प्रतिपादन झाले, म्हणजे पुरावा देऊन पटवावयाची गोष्ट झाली. या समाजातील आजच्या व्यक्तीचा आत्मशोध येथून सुरू होतो, असे म्हणता येईल.

इस्राएलमधील मराठी ज्यू : भारतीय ज्यू व त्यांचे वंशज यांची इस्राएलमधील संख्या सत्तर हजारांहून अधिक असल्याची अनुमाने आहेत. त्यांत बेने-इस्राएलांचा वाटा सर्वांत मोठा आहे. अश्दोद, लोद, रामला, बेरशेबा, दिमोना, येरूहाम या गावांत त्यांची वस्ती आहे. ज्या देशात बहुसंख्य लोक ज्यूच आहेत, तेथे ज्यू असणे हे व्यक्तीचे वैशिष्ट्य राहत नाही. त्यामुळे एक उलटापालट घडून आली. शब्बाथ, सुंता, शेमा ही भारतात त्यांना इतरांहून वेगळे करणारी चिन्हे होती. तेथे ती सर्वांचीच आहेत. त्याऐवजी मलिदा, मेंदी, साडी, चिकाचा हलवा आणि मराठी ही चिन्हे पुढे आली. मलिदा हे कोकणात ज्यू श्रद्धेचे चिन्ह होते. इस्राएलमध्ये तेच भारतीयत्वाचे चिन्ह झाले आहे. विधी तोच, ताटही तेच. पण सांगतो ते निराळे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून तेथे मायबोली हे मराठी नियतकालिक निघत आले आणि महाराष्ट्र दिनही साजरा केला जातो. तिसऱ्या पिढीतील मुलांना मराठी समजते, पण वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीने आजीची भाषा ही एलियाहूच्या गाण्याची चाल आणि स्वयंपाकघरातील शब्द एवढ्यापुरतीच उरली आहे. ही स्थिती क्लेशकारक खरी; तथापि कोकणातील त्यांच्या पूर्वजांजवळ हिब्रू तरी याहून अधिक कोठे होती ?

भारतातील आजची स्थिती : १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६,००० ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ही संख्या साडेचार हजारांच्या आसपास आली. त्यांतील बहुसंख्य बेने-इस्राएल असून ते मुख्यतः मुंबई व ठाणे येथे राहतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. एवढ्या लहान समाजात सामुदायिक प्रार्थनेसाठी आवश्यक असणारे दहा प्रौढ पुरुष (मिन्यान) जमविणे हाच मोठा प्रश्न होऊन बसतो. रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३) येथील सिनॅगॉगे उभी आहेत. अलिबागच्या त्या वस्तीचे ‘इस्राएल आळी’ हे नावही कायम आहे. पण खेड्यातील देवळाची दिवाबत्ती चालू ठेवण्याचे काम कित्येक ठिकाणी एकदोन कुटुंबांवर येऊन पडले आहे. एस्थर डेव्हिड (जन्म १९४५) यांनी बुक ऑफ रेचेल या कादंबरीत, अलिबागच्या परिसरात एकटीच मागे राहून सिनॅगॉग सांभाळणारी वृद्धा रंगविली आहे. त्यांना या कादंबरीबद्दल साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला (२०१०). त्या वृद्धेला मिन्यानमध्ये गणले जात नाही. तरी देऊळ राखते तीच.

स्त्रियांच्या या स्थानाचा विचार मुंबईत फार पूर्वीच सुरू झाला होता. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून ख्याती पावलेल्या डॉ. जेरूशा झिराड यांनी लंडनमधील शिक्षणाच्या काळात उदारमतवादी ज्यू पंथाचा परिचय करून घेतला आणि १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ची स्थापना केली. तेथे स्त्रीपुरुष एकत्र बसत आणि प्रार्थनेचा काही भाग समजणाऱ्या भाषेत होई. जुन्या मंडळींनी या उपक्रमाला साथ दिली नाही व त्याचा विस्तारही मर्यादित राहिला. परंतु धर्म जसाच्या तसा स्वीकारणे किंवा तो सोडून देणे या दोहोंच्या मधला मार्ग एका बेने-इस्राएल स्त्रीने इतक्या लवकर दाखवावा, ही गोष्ट उपेक्षणीय नाही. सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका (१९२२–५०) रिबेका रूबेन यांनी शिक्षणाच्या मार्गाने तेच कार्य केले.

धर्माचरणापासून दूर असलेल्या व्यक्तीचे उदाहरण म्हणून इंग्रजी कवी निस्सीम इझिकिएल (१९२४–२००४) यांच्याकडे पाहता येते. सुशिक्षित, निधर्मी वळणाच्या घरात वाढलेल्या व कॅथलिक शाळेत शिकलेल्या या कवीने ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या कवितेत आपल्या तेली पूर्वजांची आणि बालपणीच्या परकेपणाची नोंद केली. शेवटी जेथे आहोत तेथेच राहण्याची बांधिलकी स्वीकारली. पुढे लॅटर-डे साम्स या संग्रहात त्यांनी बायबलमधील स्तोत्रांशी वाद घातला. या संग्रहासाठी १९८३ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. स्तोत्रांशी असहमत होणाराही त्यांच्याशी बोलत असतोच. ज्यू परंपरेत असा वाद अधार्मिक मानीत नाहीत. तलमूदची बहुतेक पाने वादानेच भरलेली आहेत.

सामान्य कुटुंबांत हा शोध इतका शब्दबद्ध होत नाही. मिश्रविवाह वाढले आहेत आणि अशा घरांतील मुले कोठली, याविषयी धर्मशास्त्र व कुटुंब यांची उत्तरे नेहमी जुळत नाहीत. काही तरुण हिब्रू शिकतात, काही परदेशी गुरूंकडून कडक सनातनी आचार उचलतात. त्यांना आजीचा मलिदा ‘शास्त्रात नाही’ म्हणून खटकतो. काहींना नेमका तोच आपला वाटतो. यांपैकी कोणता मार्ग अधिक अस्सल, हे ठरविण्याचा मोह बाहेरच्या अभ्यासकाने आवरावा हे बरे. मात्र एवढे म्हणता येते, की मलिद्याला अशास्त्र ठरविणाऱ्या तरुणाला शास्त्र ज्या घरातून ठाऊक झाले, ते घर मलिद्यानेच टिकविले होते.

इस्राएलला गेलेल्या कुटुंबांतील नातवंडे हल्ली कोकणात येऊ लागली आहेत. आडनावावरून गाव शोधतात, गावातील जुनी माणसे त्यांना घाण्याची जागा दाखवितात, मग ती नवगावच्या दफनभूमीत जातात. तेथे हिब्रूत कद्दीश म्हटले जाते. नंतर खंडाळ्याच्या खडकापाशी पोहे, खोबरे व पाच फळांचे ताट मांडले जाते.